उत्तर समुद्रातलं स्टेशन

७ नोव्हेंबर, शुक्रवार. सोहार.

आजपासून रोजनिशी. कारण भावनिक नाही. शुक्रवारच्या बैठकीत काय ठरतं ते पुढच्या शुक्रवारी कोणालाच आठवत नाही, म्हणून एका ठिकाणी अचूक नोंद असावी, एवढंच. दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे नम्र राहायची गरज नाही. तरी मी नम्र आहे. नोंद घेतली.

पार्श्वभूमी. आम्ही चौघं. शुक्रवारची नमाज आणि जेवणं उरकली की सोहारजवळच्या सहम गावी हुसैनमियाँ चाचांच्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत जमतो आणि ब्रिटिश रेल्वेचे जुने फोटो बघतो. इंग्लंडला आमच्यापैकी कोणीही गेलेलं नाही. ओमानमध्ये अजून प्रवासी रेल्वे नाही. प्रशांतची बायको मैना चिपळूणहून फोनवर म्हणते, बाकीच्यांचे नवरे आखातातून सोनं आणतात, माझा इंजिनांचे नंबर आणतो.

प्रशांत आंब्रे बंदरावर क्रेनचा इलेक्ट्रिशियन. त्याचा विषय इंजिनं. अंतरा सोवनी माझी फ्लॅटमेट, इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवते. तिचा विषय टोप्या. प्लॅटफॉर्मवरच्या बायकांच्या टोप्या बघून ती साल सांगते. चाचा मूळचे श्रीवर्धनचे, दुकानात रंगाचे डबे विकतात, म्हणून त्यांचा विषय रंग. फोटो सगळे ब्लॅक अँड व्हाइट असतात. त्याने चाचांना काही फरक पडत नाही. हे कुंपण हिरवं, असं ते सांगतात, आणि कुठला हिरवा तेही.

माझा विषय पद्धत. बाकी तिघांना आवड आहे. मला पद्धत आहे.

इंग्लंडमधली एक ब्रांच लाइन फोटो सोसायटी आपल्या वेबसाइटवर 'स्थळ अज्ञात' असे फोटो टाकते. जो स्टेशन ओळखेल त्याचं नाव फोटोखाली कायमचं लागतं. आमचं अजून एकदाही लागलेलं नाही. गेल्या वर्षी शक्यता होती, पण पत्र लिहायचं काम चाचांकडे गेलं आणि त्यांनी स्टेशनचं नाव सोडून दाराच्या रंगावर दोन पानं लिहिली.

मला नावाचा मोह नाही. फोटो क्रमांक २१२ खाली माझं नाव लागणार आहे, हे भाकीत नाही. वेळापत्रक आहे.

ठराव: गटाचं नेतृत्व करायचं नाही. फक्त शिस्त आणायची.

८ नोव्हेंबर, शनिवार.

२१२ चा अभ्यास सुरू. लहान स्टेशन. एक प्लॅटफॉर्म, दिव्याचा एक खांब, लाकडी कुंपण, ढकलगाडी घेतलेला हमाल, टोपीवाली एक बाई, भिंतीवर घड्याळ. फोटोच्या पाठीवर तारखेचा शिक्का आहे: २० जून १९३१. फोटोग्राफर लिंकनशर भागात फिरायचा, असं सोसायटी म्हणते. म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण माहीत. पूर्व-पश्चिम शोधायचं.

बाकीचे लोक कौलं, कमानी, कुंपणं बघून अंदाज करतात. मी सावली मोजणार. खांबाची सावली आणि तारीख यावरून सूर्याची वेळ निघते. घड्याळ रेल्वेची वेळ दाखवतं. दोन वेळांतला फरक म्हणजे रेखांश. चार मिनिटांना एक अंश. इतकं सरळ आहे की आजवर कोणी केलं कसं नाही याचं आश्चर्य वाटतं. वाटत नाही, खरं तर.

मूळ फाइल मी माझ्याकडे ठेवली. गटाला कापून स्वच्छ केलेली आवृत्ती पाठवली. खांबावर शिडी टेकवायला आडवी दांडी असते, तिची उंची ठरलेली असते. तेवढी मला पुरते. दांडीच्या वरचं सगळं कापलं: दिवा, काच, आकाश. लोक आकाशाकडे बघत बसतात. मूळ फोटो वेबसाइटवर बघू नका, पूर्वग्रह तयार होतो, अशी सूचनाही दिली. प्रशांतने अंगठा पाठवला. चाचांनी विचारलं, हमालाच्या ढकलगाडीचा लाल दिसतो ना तुला.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

कारखान्यात दिवस बरा. मी गेज तपासते. प्रेशर, तापमान, प्रवाह, जे काही काटा किंवा आकडा दाखवतं ते माझ्या सहीशिवाय प्लांटमध्ये चालत नाही. आज फर्नेसजवळचं एक गेज बंद करायला लावलं, कारण त्यावरच्या तपासणीच्या स्टिकरची मुदत काल संपली होती. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, गेज एकदम बरोबर आहे, दहा वर्षं बघतोय, यल्ला, चला, आजचा दिवस चालवू. मी म्हणाले, दहा वर्षं बघणं हे कॅलिब्रेशन नाही. कुठल्याही काट्यावर कधीही विश्वास ठेवायचा नसतो. तो 'खलास', म्हणजे विषय संपला, असं म्हणून निघून गेला. काही लोकांना तत्त्व सहन होत नाही.

संध्याकाळी २१२ मधलं घड्याळ मोठं करून पाहिलं. तीन वाजून चोवीस मिनिटं. सुस्पष्ट. काम सोपं झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

पद्धतीची चाचणी. सहमलाच, दुकानामागच्या मोकळ्या जागेत. आमचा रेखांश आम्हाला माहीत आहे, तो सावलीवरून निघाला की पद्धत सिद्ध.

साहित्य: चाचांच्या दुकानातला लोखंडी पाइप, टेप, ट्रायपॉड, ओळंबा. मी सेफ्टी शूज आणि नारिंगी जाकीट घातलं होतं. प्रशांत म्हणाला, मॅडम, सावली अंगावर पडली तर लागत नाही. दुर्लक्ष केलं.

प्रशांतला हमाल म्हणून उभं केलं. त्याने ढकलगाडी मागितली. अंतराला टोपीवाली बाई म्हणून उभं केलं. तिने सांगितलं की ही टोपी जरा पुढे ओढून घालायची असते, आणि तिच्याकडे टोपी नसताना ती ओढून दाखवली. चाचांनी ओळंबा धरला. ओळंबा डुलत होता. मी सांगितलं, चाचा, हलू नका. ते म्हणाले, अगो पोरी, मी हलत नाय, वारा हलवतो.

निकाल: चाचांचं दुकान ओमानच्या आखातात, किनाऱ्यापासून थोडं आत. चाचांनी खाली पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, सुके आहेत.

मी समजावलं की सहम किनाऱ्यावरच आहे, समुद्र जवळच आहे, त्यामुळे समुद्रात येणं हे जवळपास बरोबर येणंच आहे. चूक ओळंब्याची. पद्धत सिद्ध झाली असं धरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

चाचांचा फोन. कामावर असताना वैयक्तिक फोन घेत नाही, पण सहा वेळा आला.

दुकानाचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या जागेत दुकान आहे तो ओमानी मालक, सकाळी खजूर आणि कहवा घेऊन आला. एरवी तो वर्षातून एकदा येतो आणि काही आणत नाही. सोहारहून अबुधाबीकडे रेल्वेचं काम चालू आहेच, आणि शुक्रवारी गल्लीतल्या सगळ्यांनी नारिंगी जाकिटातली बाई टेप लावताना पाहिली. आता अर्बाबला जाणून घ्यायचं आहे की स्टेशनाचं दार कुठल्या बाजूला उघडणार. शक्यतो त्याच्या बाजूला उघडावं. शेजारच्या न्हाव्याने नव्या बोर्डची ऑर्डर दिली आहे: स्टेशन सलून.

चाचा म्हणाले, मी सांगितलं, हे फोटोतलं ठेसन आहे, इंग्लंडचं, नव्वद वर्षांपूर्वीचं. तर अर्बाब म्हणाला, इन्शाल्ला, आणि डोळा मारून गेला. पोरी, आता परत इथे टेप लावू नको.

मी म्हणाले, शास्त्राला अशा अडचणी येतातच. चाचा म्हणाले, शास्त्राला येऊ दे, मला कशाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

हिशेब पूर्ण. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे असतात, तो तास वजा केला. ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली नसती. जूनमधली सूर्याची स्वतःची दिरंगाई धरली. प्रत्येक टप्पा दोनदा तपासला.

स्टेशन उत्तर समुद्रात येतं.

सहमसारखं काठाला नाही. चांगलं आत, जवळच्या किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर.

गटाला दाखवलं. कपांतला कारक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, गार झाला. मग अंतराने शाळेचा अॅटलास काढला, माझ्या बिंदूवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाली, निदा, इथे मासे आहेत.

चाचा म्हणाले, दर्यात ठेसन असेल तर हमाल कशाला, खलाशी पायजे.

प्रशांत म्हणाला, ते घड्याळ मागे असेल. खेड्यातलं घड्याळ. आठ-दहा मिनिटं मागे असलं की झालं तुझं स्टेशन जमिनीवर. मी म्हणाले, ब्रिटिश रेल्वेचं घड्याळ आहे. तो म्हणाला, हो, पण त्याला तुझा स्टिकर आहे का.

हा प्रश्न तांत्रिक नव्हता, खोचक होता, म्हणून उत्तर दिलं नाही. ज्या देशाने जगाला वेळ वाटली त्या देशाच्या स्टेशनवरचं घड्याळ मागे असेल, असं गृहीत धरणं हा पुरावा नव्हे, मत्सर आहे. असं मी त्याला म्हणाले नाही. इथे लिहिते आहे.

ठराव: प्रशांतशी फक्त लेखी बोलायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

उलगडा झाला. मी चुकीचा प्रश्न विचारत होते. स्टेशन समुद्रात कसं, हा प्रश्न नाही. समुद्र स्टेशनात कधी आला, हा आहे.

इंग्लंडचा पूर्व किनारा समुद्र खातो, हे सर्वमान्य आहे. गावंच्या गावं गेली आहेत. एक स्टेशन गेलं असेल. १९३१ पासून पन्नास किलोमीटर म्हणजे वर्षाला अर्धा किलोमीटरहून थोडं जास्त. वेग जास्त वाटतो, पण ही सरासरी आहे. एवढा भूभाग गेल्याचं ब्रिटिश सरकारच्या लक्षात कसं आलं नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो माझ्या कक्षेत येत नाही.

अंतराला सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, आठवीतल्या एका मुलाने काल लिहिलंय की मस्कत ही ब्राझीलची राजधानी आहे, आणि तुझ्यापेक्षा त्याची चूक लहान आहे. तिला विषयाची व्याप्ती झेपत नाही. भूगोलाच्या शिक्षकांचं असं होतं. जमीन हलली की गोंधळतात.

अहवालाचं शीर्षक ठरलं: 'बुडालेलं स्टेशन: एक सावलीनिष्ठ पुनर्स्थापना'.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

मतदान. प्रश्न: उत्तर समुद्राचा दावा गटाच्या नावाने सोसायटीला पाठवावा का. विरोधात तीन, बाजूने मी.

प्रशांत म्हणाला, पाठवायचं तर चौघांचं नाव जाईल, आणि माझं नाव बुडालेलं मला चालणार नाही, मला पोहता येत नाही. अंतरा म्हणाली, थोडं थांबू, घाई काय आहे. चाचा म्हणाले, पोरी, इतकी मेहनत केलीस, तुला नाय म्हणायला जड जातं, पण माझी अक्कल दर्यात जायला तयार नाय. आणि मला आणखी एक सामोसा दिला. सामोशाने मुद्दा सुटत नाही. खाल्ला.

शांतपणे विचार केला. दावा गटाच्या नावाने पाठवला आणि काही कारणाने सोसायटीला पटला नाही, तर तिघांची बदनामी. हे मला नको आहे. तेव्हा मी एकटीच्या नावाने पाठवते. जबाबदारी सगळी माझी. श्रेयही मग नाइलाजाने एकटीचं. त्यांना न सांगता पाठवणंच त्यांच्या हिताचं, नाहीतर उगाच काळजी करत बसतील.

३० नोव्हेंबर, रविवार.

पाठवलं. चौदा पानं, सहा आलेख. खाली: निदा परकार, सोहार, ओमान.

हलकं वाटतंय. त्याग केल्यावर वाटतं तसं.

५ डिसेंबर, शुक्रवार.

सहमला गेले नाही. कारखान्यात दुरुस्तीसाठी शटडाउन आहे असं कळवलं. शटडाउन नाही. पण सोसायटीकडे प्रकरण गेलेलं असताना गटात बसून चहा पिणं मला प्रशस्त वाटलं नाही. दुपारभर घरी बसून सोसायटीची वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडली. दोन कबुतरं खिडकीत आली, गेली, परत आली.

अंतरा सातला परतली. म्हणाली, चाचांनी तुझी खुर्ची मांडून ठेवली होती. प्रशांत तिच्यावर बसायला गेला तर चाचा म्हणाले, ती इंजिनिअरबाईची. तो म्हणाला, बाई शटडाउनमध्ये आहे. चाचा म्हणाले, मग खुर्ची पण शटडाउनमध्ये.

काही वाटलं नाही. खुर्ची प्लास्टिकची आहे.

मग तिने २१२ ची मूळ फाइल मागितली. मोठा प्रिंट काढून चाचांच्या दुकानात लावायचा आहे, गटातर्फे. मी म्हणाले, फाइल सध्या देता येणार नाही, कारण सांगता येणार नाही. ती बरं म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन वेबसाइटवरून उतरवून घेतली.

थोड्या वेळाने दारातून विचारलं, निदा, दिव्याच्या काचेवर काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय, जरा बघतेस का?

मी म्हणाले, दिवा माझ्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे.

तिने परत विचारलं, नक्की?

नक्की म्हणाले. लोक दिव्याकडे बघत बसतात.

९ डिसेंबर, मंगळवार.

सोसायटीच्या चिटणीसांचं उत्तर आलं. त्यांनी अहवाल 'अत्यंत रोचक' आणि 'आमच्या आजवरच्या पत्रव्यवहारात वेगळा' म्हटलं आहे. पुढे लिहितात की मासिक सभेत चहाच्या वेळी तो मोठ्याने वाचून दाखवला, सगळी चौदा पानं, आणि सदस्यांना कित्येक वर्षांत इतका आनंद झाला नव्हता. एका वयस्कर सदस्यांना तर बाहेर जाऊन बसावं लागलं.

भावना अनावर झाल्या असाव्यात. इंग्रज लोक संयमी असतात असं ऐकलं होतं.

निकाल महिन्याअखेर वेबसाइटवर येईल.

ठराव: विजयानंतर प्रशांतला क्षमा करायची. सर्वांसमोर, पण थोडक्यात.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

सहमला गेले. आता जाण्यात हरकत नव्हती. खुर्ची होती तिथेच होती.

वातावरण विचित्र. तिघं एकमेकांना डोळ्यांनी खुणावत होते. अंतरा बोलायला तोंड उघडत होती. मी आधीच स्पष्ट केलं: २१२ वर कृपया चर्चा नको, काही गोष्टी वरच्या पातळीवर चालू आहेत. अंतरा म्हणाली, पण निदा, ऐक तर. मी हात वर केला. प्रशांत म्हणाला, राहू दे, मॅडमची पातळी वर आहे, आपण किनाऱ्यावर थांबू. चाचांनी त्याला, गप रे, म्हटलं.

मग चाचांनी एक वेगळीच गोष्ट विचारली. तुझं पूर्ण नाव इंग्रजीत कसं लिहायचं, सगळं सांग, चूक व्हायला नको. मी सांगितलं. त्यांनी एक एक अक्षर म्हणत फोनमध्ये घातलं. प्रशांत खिडकीबाहेर बघत होता. अंतरा चहात साखर ढवळत होती. एरवी ती साखर घेत नाही.

सत्काराची तयारी. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. बहुधा अंतराने माझा स्क्रीन पाहिला असेल. मी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं की फ्लेक्स वगैरे काही नको, साधेपणाने करा. त्यांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, बरं पोरी, साधेपणानेच करू.

मन भरून आलं असं नाही. पण नोंद घेतली.

१७ डिसेंबर, बुधवार.

अम्मीला रत्नागिरीला फोन. विषय नव्हता, पण बोलण्याच्या ओघात सांगितलं की इंग्लंडमधून महिन्याअखेर एक महत्त्वाची बातमी येणार आहे, माझं नाव तिथे कायमचं लागेल. अम्मीने विचारलं, कोण आहे, काय करतो? मी म्हणाले, सोसायटी आहे. अम्मी म्हणाली, सोसायटी चांगली असली की निम्मं काम झालं, आणि माझं पूर्ण ऐकून न घेता रशीदा फुफीला, म्हणजे माझ्या आत्याला, सांगायला गेली.

रात्रीपर्यंत फुफीचा मेसेज: लंडनमध्ये हळद मिळत नाही, घेऊन जा.

खुलासा निकालानंतर एकदमच करीन. दोनदा बोलण्यात वेळ जातो.

२३ डिसेंबर, मंगळवार.

वेबसाइट बदललेली नाही. संयमाने थांबले आहे. जेवणाच्या सुट्टीत, मीटिंगमध्ये, फर्नेसजवळ आणि लिफ्टमध्ये पाहिली. लिफ्टमध्ये रेंज नाही.

फोटोखालच्या ओळीत नाव कसं दिसेल याचे तीन नमुने करून ठेवले. चिटणीसांना पाठवले नाहीत. मागितले तर तयार आहेत.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.

निकाल लागला. जसा आहे तसा उतरवते.

क्रमांक २१२. कॉपलबी स्टेशन, लिंकनशर. पुरावा: प्लॅटफॉर्मवरच्या दिव्याच्या काचेवर स्टेशनचं नाव लिहिलेलं आहे. ओळख पटवणारे: सहम शुक्रवार मंडळ, ओमान. हुसैनमियाँ सरखोत, अंतरा सोवनी, प्रशांत आंब्रे, निदा परकार.

त्याखाली टीप: कॉपलबीचं घड्याळ आठ मिनिटं मागे असल्याची गावात जुनी तक्रार होती. कालांतराने गावानेच आपली कामं आठ मिनिटं मागे नेली.

त्याखाली, लहान अक्षरांत: इतर सूचना. उत्तर समुद्र (निदा परकार, सोहार).

मूळ फाइल उघडली. दिवा पाहिला. मोठा करायचीही गरज पडली नाही.

२६ डिसेंबर. दुपार.

अंतराशी बोलले. म्हणजे ती बोलली. दिव्यावरचं नाव तिला पाच तारखेलाच दिसलं होतं. सगळ्यांनी मिळून मला सांगायचं ठरवलं होतं, मी हात वर केला. मग चाचा म्हणाले की पत्र चौघांच्या नावानेच जाईल, तिचं नाव नसेल तर मीही सही करत नाय. प्रशांत म्हणाला होता, तिने आपला समुद्र वेगळा पाठवला असेल तर? चाचा म्हणाले, पोरगी अशी नाय.

अंतरा एवढं सांगून चहा करायला गेली. मी अशी आहे की नाही, ते तिने विचारलं नाही. आता वेबसाइटच्या पानावर छापलेलंच आहे.

मी एकटीने पाठवण्यामागचा हेतू त्यांना वाचवण्याचा होता. हा मुद्दा मी तिला समजावणार होते. टप्प्याटप्प्याने मांडायला घेतला, तर पहिला टप्पाच सापडेना.

फोनवर चाचांचा मेसेज आला आहे: आज चार वाजता. नवा फोटो आहे. कुंपण पिवळं आहे. ये.

पान त्यांनी पाहिलं आहे की नाही, कळत नाही. चाचा पान खालपर्यंत वाचतात की नाही, तेही माहीत नाही. प्रशांत वाचतो.

ठराव: सोसायटीला लिहून खालची ओळ काढायला लावायची. कारण: तांत्रिक पुनर्विचार. चारच्या आत.

पाठवलं. तीन ओळी. खाली फक्त निदा परकार.

२६ डिसेंबर. साडेतीन.

चिटणीसांचं उत्तर लगेच आलं. नाताळच्या सुट्टीत इंग्रज लोक घरीच बसतात बहुधा.

त्यांनी माझ्या पत्राबद्दल आभार मानले आहेत. नोंद काढायला त्यांची काही हरकत नाही, पण थोडा गोंधळ आहे. त्यांच्या नोंदींप्रमाणे ओमानमध्ये दोन निदा परकार आहेत. एक सहमच्या, ज्यांनी मंडळाबरोबर दिव्यावरचं नाव वाचलं. दुसऱ्या सोहारच्या, ज्यांनी उत्तर समुद्राचा अहवाल लिहिला. एकाच देशात एकाच नावाच्या दोन बायका एकाच फोटोवर काम करत होत्या, याची समितीला फार गंमत वाटली. दोघी एकच असतील अशी शंका कोणी काढली होती, पण दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचल्यावर ती सर्वानुमते फेटाळण्यात आली.

तेव्हा नोंदीत चूक होऊ नये म्हणून कृपया कळवावं: आपण यांतल्या कोणत्या?

खाली प्रशांतने हॉर्न दिला. अंतरा गाडीत जाऊन बसली आहे.

उत्तर लिहिलं. सहमची. सोहारच्या बाईंशी माझा फारसा परिचय नाही.